संगीत मासिकाचा वाचक नेमका कुठे सापडतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या प्रकल्पासाठी एका संगीत मासिकाच्या मांडणीचं आणि वाचकवर्गाचं विश्लेषण करायचंय, आणि मग ढोल-ताशावर स्वतःच्या मासिकाचं मुखपृष्ठ बनवायचंय. पहिल्या मसुद्यात तू लिहिलंस, 'लाल रंग ऊर्जा दाखवतो, ठळक फॉन्ट लक्ष वेधतो, वाचकवर्ग १५ ते ३० वयोगटातले तरुण.' सरांनी 'हे कुठल्याही मासिकाला लागू पडेल' असा शेरा मारून परत केलं.

सरांचा शेरा रास्त आहे. मी नाशकात स्मरणिका, दिवाळी अंक, गायन वर्गांचे वार्षिक अंक यांच्या मांडणीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात रंगापासून करू नकोस. अंक उघड आणि एकच गोष्ट शोध: हे मासिक वाचकाला काय समजावून सांगत नाही? जे समजावलेलं नाही ते वाचकाला आधीच ठाऊक आहे, असं संपादकाने धरलेलं असतं. वाचकाचं वय, शिक्षण, आवड, खिसा, सगळं तिथे सापडतं. लाल रंग काय, खतांच्या जाहिरातीतही असतो.

शास्त्रीय संगीताच्या मासिकाचं उदाहरण घे. पानावर एखादी बंदिश स्वरलिपीत छापलेली असते. स्वर खुणांनी लिहिण्याच्या आपल्याकडे दोन पद्धती आहेत, भातखंडे आणि पलुसकर. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक (वरचे, उंच स्वर) आणि खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे स्वर). पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र दाखवतं आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ येते. भातखंडे पद्धतीत तीच उभी रेघ मध्यमावर आली की तीव्र मध्यम. म्हणजे खुणा त्याच, अर्थ वेगळे. आता अंकात बघ, या खुणांचा खुलासा कुठे छापलाय का? पहिल्याच पानावर चौकट करून दिला असेल तर मासिकाला नवशिका वाचक हवाय. एका ओळीत 'पद्धत अमुक' एवढंच असेल तर वाचक परीक्षांना बसणारा विद्यार्थी किंवा शिक्षक आहे. काहीच नसेल तर मासिक आपल्याच परंपरेतल्या माणसांशी बोलतंय, बाहेरच्याने वाचावं अशी त्याची अपेक्षाच नाही. एका टिंबावरून एवढं सांगता येतं, आणि ते सिद्धही करता येतं. विष्णु दिगंबर पलुसकर अखेरच्या काळात नाशकातच राहत होते, त्यामुळे आपल्या गावातल्या जुन्या गायन वर्गांत दोन्ही पद्धती समजावून सांगणारं कुणी ना कुणी भेटेल. विचारून घे, प्रकल्पाला वजन येईल.

तीच गोष्ट नावांची. मथळ्यात नुसतं 'अण्णा' किंवा 'बापूराव' आहे की 'पं. भीमसेन जोशी', 'पं. द. वि. पलुसकर' असं पूर्ण नाव आहे? बापूराव, म्हणजे द. वि. पलुसकर, जन्मले नाशकातच, १९२१ साली, तरी आज कॉलेज रोडवर उभं राहून 'बापूराव' म्हटलं तर किती जण ओळखतील? ज्या मासिकाला ते नुसतं 'बापूराव' छापता येतं, त्याचा वाचक कोण हे वेगळं सांगायला नको. आणि वाचकाला हाक कशी मारलीय तेही टिपून ठेव. 'रसिकहो', 'विद्यार्थी मित्रांनो', 'तुम्ही' की थेट 'तू', यातली प्रत्येक हाक वेगळ्या माणसाला आहे.

आता मुखपृष्ठ. इथे तुला एक जोडी देते, ती नीट वापर. अमेरिकेतलं 'रोलिंग स्टोन' सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. पहिल्या अंकावर तारीख ९ नोव्हेंबर १९६७ आणि चित्र बीटल्स या बँडमधल्या जॉन लेननचं, चित्रपटातल्या भूमिकेतलं, डोक्यावर सैनिकी शिरस्त्राण. ब्रिटनमधलं 'मोजो' सुरू झालं १९९३ साली, आणि त्याच्याही पहिल्या मुखपृष्ठावर लेनन, सोबत गायक बॉब डिलन. माणूस तोच, वाचकवर्ग मात्र संपूर्ण वेगळा. १९६७ चा लेनन २७ वर्षांचा, बीटल्स अजून एकत्र, म्हणजे वाचकाच्या बरोबरीचा, आजचा माणूस. १९९३ पर्यंत लेननला जाऊन १३ वर्षं झाली होती आणि डिलन पन्नाशी ओलांडून गेला होता. ते मुखपृष्ठ ज्यांनी तरुणपणी त्यांच्या तबकड्या घेतल्या आणि आता ज्यांच्या हातात पैसा आहे, त्यांच्यासाठी होतं. 'मुखपृष्ठावर प्रसिद्ध गायक आहे' एवढंच लिहिलंस तर हा सगळा फरक निसटतो. मुखपृष्ठावरची व्यक्ती त्या वाचकाच्या आयुष्यात कधीची आहे, आजची की आठवणीतली, हे विचार.

मग कागद आणि बांधणी. विद्यार्थी हे नेहमी सोडून देतात आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण अंक हातात घेतला की पहिली गोष्ट बोटांना कळते ती हीच. सुरुवातीचा 'रोलिंग स्टोन' वर्तमानपत्राच्या कागदावर, घडी घालून निघायचा. बातमीसारखा वाचा, असं तो कागद सांगत होता. ब्रिटनमधलं 'केरंग' १९८१ साली 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं, हेवी मेटलवाल्या पोरांसाठी, आणि पुढे त्याची ओळख झाली ती आतल्या पोस्टरांमुळे. सेंटर पिनचा, म्हणजे घडीवर मधोमध पिना मारलेला अंक असला की मधलं जोडपान पिना वाकवून अखंड निघतं. म्हणजे वाचकाकडे एक भिंत आहे आणि त्या भिंतीवर काय लावायचं हे तो स्वतः ठरवतो, हे बांधणीने गृहीत धरलंय. 'स्मॅश हिट्स' १९७८ पासून गाण्यांचे शब्द छापायचं, तेही तसंच, कापून वहीत ठेवण्याजोगं. उलट चौकोनी कण्याचा, परफेक्ट बाइंडिंगचा (पानं कण्याला गोंदाने चिकटवलेला) अंक कपाटात उभा राहतो आणि त्याच्या कण्यावर महिना छापलेला असतो. तो अंक साठवणाऱ्या माणसाचा आहे. तुझ्या अंकाची बांधणी कुठली, कागद आर्ट (गुळगुळीत, चकचकीत) आहे की मॅपलिथो (साधा, न चकाकणारा), आतली सगळी पानं रंगीत की मोजकीच, हे बघून लिही.

मुखपृष्ठावरचे बाकीचे घटक तुमच्या वर्गात शिकवले असतीलच, मी दोनच सांगते. मासिकाचं नाव चेहऱ्यामागे अर्धं झाकलं असेल तर मासिकाला खात्री आहे की वाचक अर्ध्या अक्षरांवरून ओळखेल. नवं मासिक ही चैन करत नाही. आणि अंक विकला कसा जातो ते बघ. परदेशी दुकानांत अंक एकमेकांवर सरकवून उभे ठेवतात, डावी पट्टी तेवढी दिसते, म्हणून महत्त्वाचे मथळे डावीकडे असतात. आपल्याकडे स्टॉलवर अंक दोरीला चिमट्याने लटकवतात नाहीतर आडवे पसरतात. सीबीएस बसस्थानकाजवळच्या एखाद्या स्टॉलवर जाऊन लांबून बघ, काय वाचता येतं आणि काय नाही. पाठ्यपुस्तकातला डाव्या पट्टीचा नियम इथे जसाच्या तसा लावू नकोस. वर्गणीदारांना पोस्टाने जाणाऱ्या मासिकाला तर स्टॉलची चिंताच नसते, त्याचं मुखपृष्ठ म्हणूनच इतकं शांत असू शकतं.

रंगाबद्दल लिहायचंच असेल तर एकाच मासिकाचे लागोपाठचे तीन अंक शेजारी ठेव. जो रंग तिन्ही अंकांत कायम आहे तो मासिकाची ओळख. जो बदलतो तो त्या महिन्याच्या विषयाचा किंवा छायाचित्राचा. हे वेगळं केलंस की 'लाल म्हणजे ऊर्जा' लिहायची वेळच येणार नाही. जुने अंक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बघायला मिळतील का विचार (१८४० पासूनची संस्था आहे, तिथली माणसं मदत करतात), नाहीतर रद्दीवाल्याकडे.

जाहिराती वगळू नकोस. संपादक आपल्या वाचकाबद्दल मोठं बोलू शकतो, पण जाहिरातदार पैसे मोजण्याआधी खात्री करतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराची जाहिरात असेल तर वाचक स्वतः वाजवतो किंवा शिकवतो. गिटारचे पेडल असतील तर बँडमधला पोरगा. महागडे हेडफोन आणि घड्याळं असतील तर ऐकणारा, कमावता. पानं मोजून तक्ता कर, जाहिरात कशाची आणि किती पान. मलपृष्ठ सर्वांत महाग असतं, तिथे कोण आहे ते वेगळं नोंदव.

तुझ्या मसुद्यात 'एबीसी१ वर्ग' असं लिहिलंयस. म्हणजे मध्यमवर्ग आणि त्याच्या वरचे लोक. ती ब्रिटनची विभागणी, कुटुंबातल्या मुख्य कमावत्याच्या व्यवसायावर आधारलेली. भारतीय मासिकाला ती लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे २०११ पासून एनसीसीएस ही ग्राहक-कुटुंबांची वर्गवारी करणारी पद्धत वापरात आली. तिच्यात मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरात ११ ठरावीक गोष्टींपैकी किती आहेत, एवढंच बघतात: वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. या यादीत शेतजमीन आहे हे नाशिकसाठी फार महत्त्वाचं. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदाराचा मुलगा, घरी गाडी, एसी, जमीन, आणि आवड ढोलाची, तो ब्रिटिश चौकटीत कुठे बसवणार? आणखी एक, खप आणि वाचकसंख्या यांत गल्लत करू नकोस. खप म्हणजे विकलेल्या प्रती. वाचनालयात एक प्रत दिवसभर हातोहात फिरते, तेव्हा वाचक कितीतरी जास्त.

किंमत बदलली की वाचक कसा बदलतो, यासाठी 'एनएमई' बघ. १९५२ साली सुरू झालेलं, ब्रिटनमधली एकेरी तबकड्यांची पहिली क्रमवारी छापणारं साप्ताहिक. सप्टेंबर २०१५ मध्ये ते लोकांना फुकट वाटलं जाऊ लागलं. पहिल्या फुकट अंकावर होती पॉप गायिका रिहाना. इतकी वर्षं गिटारवाल्या बँडांचे म्हणून ओळखले जाणारे अंक आता रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही हातात पडणार होते, आणि जो मुद्दाम विकत घेत नाही त्याला थांबवायला सगळ्यांना ठाऊक असलेला चेहराच लागतो. मार्च २०१८ मध्ये ती छापील आवृत्ती बंद झाली. त्यामुळे तुझ्या अंकाची किंमत, वर्गणीचा दर आणि तो कुठे मिळतो हे पहिल्याच परिच्छेदात येऊ दे.

आता तुझं ढोलाचं मासिक. वाचक म्हणून 'संगीतप्रेमी तरुण' लिहू नकोस, कारण नाशिक ढोल ऐकणारे आणि वाजवणारे हे दोन वेगळे वाचक आहेत. वाजवणाऱ्यासाठी काढणार असशील तर 'टिपरू कसं निवडाल', 'ताशाची तर्री स्वच्छ कशी येईल' असे मथळे कसलाही खुलासा न करता टाक. मिरवणुकीचा गुलालाने भरलेला नेहमीचा फोटो त्याला नको, तो त्याने स्वतः पाहिलाय आणि मोबाइलमध्ये ठेवलाय. त्याला ढोलाला लागलेले हात जवळून दाखव, दोरी कशी ताणलीय ते दिसू दे. मधलं जोडपान सुट्टं निघेल असं कर, सरावाच्या जागेवर भिंतीला लावता येईल असा तालांचा तक्ता त्यावर दे. ऐकणाऱ्यासाठी असेल तर हे सगळं उलटं होईल: शब्दांचे अर्थ द्यावे लागतील, पथकांची ओळख करून द्यावी लागेल, आणि गर्दीचा फोटो चालेल.

दोघांनाही एकाच मुखपृष्ठावर खूश करायला जाऊ नकोस. एक निवड, आणि का निवडलास ते चार ओळींत सरांना लिहून दे. विश्लेषणासाठी कुठला अंक घेतलायस ते इथे लिही आणि मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ यांचे फोटो टाक, मग त्या अंकापुरतं बोलू.