‘कॉर्पस कॅलोसम’ म्हणजे नेमकं काय? लॅटिनमध्ये अर्थ काय होतो?

तुम्ही कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहात आणि नाव नुसतं घोकायला जीवावर येतंय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

‘कॉर्पस’ म्हणजे शरीर, पिंड. आपण रोज ज्या कार्पोरेशनला घरफाळ्यावरून शिव्या घालतो, तो शब्दही याच मुळातला. ‘कॅलोसम’ आलाय ‘कॅलम’वरून, म्हणजे घट्टा. गंगावेस तालमीतल्या एखाद्या पैलवानाशी हात मिळवून बघा, तळव्याला लागतो तोच. थोडक्यात, ‘घट्टेदार पिंड’.

मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा हा पांढरा जाड पट्टा. सुमारे 20 कोटी मज्जातंतू, बहुतेकांवर मायलिन या पांढऱ्या, स्निग्ध पदार्थाचं आवरण, म्हणून रंग पांढरा. आजूबाजूच्या मऊ करड्या भागापेक्षा तो हाताला चिवट लागतो, आणि नाव त्यावरूनच.

भागांची नावं तर आणखी मजेशीर. पुढून मागे जाताना रोस्ट्रम म्हणजे चोच, जेनू म्हणजे गुडघा (वाकलेला दिसतोच), मग बॉडी, आणि शेवटी स्प्लेनियम. हा मूळचा ग्रीक, अर्थ जखमेवरची पट्टी. रोमन लोक युद्धनौकेच्या टोकालाही रोस्ट्रम म्हणत. शत्रूच्या नौकांची टोकं त्यांनी भाषणाच्या व्यासपीठावर लावली, तेव्हापासून व्यासपीठही रोस्ट्रम झालं.

व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) पुढचा प्रश्न हमखास मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींवर येतो. हा पट्टा कापलेल्या अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांवर त्यांनी काम केलं, नोबेल 1981 चं.