माहेरची जमीन आणि हक्कसोडपत्र

प्रश्न : माझे लग्न १९९२ साली झाले. वडील २०२२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. सहा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. भाऊ आता हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना हिस्सा नसतो, ही सही केवळ उपचार आहे, असे ते म्हणतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल, असे आई सुचवते. तर सही करणे ही स्त्रियांच्या समतेशी प्रतारणा ठरेल, असे माझ्या मुलीचे मत आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा हिस्सा नसता, तर तुमच्या सहीची गरजच पडली नसती. भावांनी सांगितलेली अट हिंदू वारसा कायद्याला महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत होती, हे खरे. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या त्याच कायद्याच्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आणि त्यात विवाहित-अविवाहित असा भेद ठेवला नाही. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा न्यायालयीन वाटप झालेले नसेल, तर तुमचा हिस्सा चौथा, म्हणजे दीड एकर. आईचाही तेवढाच.

राहिला माहेरचा प्रश्न. वाटा हवा की बहीण, असे भावाला कोणी विचारत नाही. भाऊबीजेची ओवाळणी आणि दीड एकर जमीन यांची तुलना मात्र बहिणीकडूनच अपेक्षित असते. आईच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही, कारण तिला उरलेले आयुष्य मुलांच्याच घरात काढायचे आहे. तुमच्या मुलीशीही मी पूर्ण सहमत नाही. आपले काय आहे ते समजून घेऊन कोणी स्वखुशीने सोडले, तर त्यात प्रतारणा नाही. पण हातात न आलेली वस्तू सोडायला लावणे याला स्वखुशी कसे म्हणायचे?

म्हणून आधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे जोडून तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. फेरफार, म्हणजे ही नोंद, मंजूर झाल्यावर सातबाऱ्याचा उतारा काढून तो स्वतः वाचा. पूर्वी बहिणींची नावे सर्रास ‘इतर अधिकार’ या रकान्यात टाकली जात. तुमचे आणि आईचे नाव भावांबरोबर भोगवटादारांतच, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यातच हवे. हक्कसोडपत्राला घाई नसते. ते एकदा दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले, की फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध केल्याखेरीज मागे फिरता येत नाही, आणि ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना’ हे शब्द त्या मसुद्यात आधीच छापलेले असतात. पुढे सोडावेसे वाटलेच, तर हिस्सा आईच्या लाभातही सोडता येतो. आईने मात्र स्वतःच्या वाट्यावर सही करू नये, हे तिला तुम्हीच सांगितलेले बरे.

जाता जाता सासरचा उताराही पाहून ठेवा. पतीच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. फक्त तिथेही अर्ज पतीनेच करायचा असतो.