दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण किल्ली फिरवली की फक्त 'टक्' होतं. बॅटरी बदलायची का?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोलची, बारा वर्षं जुनी. पंधरा दिवस गावी होतात, तोवर ती विश्रामबागला सोसायटीच्या आवारात उभी होती. आता किल्ली फिरवली की एकदाच टक् होतं आणि पुढं काही नाही. मेकॅनिकनं फोनवरच निकाल दिला, बॅटरी गेली, नवी टाका.

थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका.

मी काही मेकॅनिक नाही. सांगलीतच राहतो आणि हीच चूक साडेचार हजार मोजून केलेली आहे, म्हणून लिहितोय.

आधी आवाजाचं सांगतो. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, बहुतेक वेळा एकदा टक् करून गप्प बसत नाही. एक तर तो रडत रडत, ओढत ओढत फिरतो, नाहीतर पाल चुकचुकावी तसं टकटकटकटक चालू राहतं. तुमचा आवाज एकच आहे आणि दिवे चांगले लागताहेत म्हणता. हा ताळा बॅटरीशी नीट जुळत नाही. पण नुसत्या दिव्यांवर विसंबू नका. दिव्यांना थोडा करंट पुरतो, सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर तरी लागतो.

म्हणून उद्या सकाळी एवढं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा, घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले किंवा विझलेच, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल (बॅटरीच्या प्लस-मायनसला वायर जोडणारा क्लॅम्प) नीट बसलेलं नाही. दिवे जसेच्या तसे राहिले आणि टक् झालं, तर बॅटरीत करंट आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फच तो घेत नाही.

मल्टिमीटर मिळाला तर उत्तमच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला द्या. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरू नये.

आता माझं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात माझ्या गाडीच्या पायदानापर्यंत पाणी आलं होतं. ओसरल्यावर मी सेल्फला हात लावला नाही, टो करून नेली, तेवढं शहाणपण होतं. (इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन पाण्याला दाबायला जातो. पाणी काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात उभ्या गाडीची किल्ली कधीच फिरवू नये.) साफसफाई झाली, गाडी वर्षभर झकास चालली. मग थंडीत एक दिवस टक्. बॅटरीवाला म्हणाला, पुराची गाडी, बॅटरीच गेली असणार. नवी घेतली, जुनी भंगारात वळती केली. दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्.

शेवटी एक म्हातारे वायरमन आले. त्यांनी बॉनेट उघडलं, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि म्हणाले, मारा. पहिल्या झटक्याला गाडी चालू! इंजिनाला बॉडीशी जोडणारी, करंटला परतीची वाट देणारी अर्थिंगची जाड पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण आवरणाच्या आत तिचा हिरवा भुगा झाला होता. दिव्यांची अर्थिंग बॉडीला असते, म्हणून ते मजेत लागत होते. नवी पट्टी काही शे रुपयांत झाली. माझी जुनी बॅटरी तोवर कुठल्या भट्टीत वितळली होती कुणास ठाऊक.

तुम्हीही हीच युक्ती करून बघा. त्याआधी दोन्ही टर्मिनल हातानं हलवून पाहा. हलत असतील तर १० नंबरच्या पान्यानं आवळा. वर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी मायनस सोडा, मग प्लस. कढत पाणी ओता, तारेच्या ब्रशनं घासा, कोरडं झाल्यावर प्लस आधी, मायनस शेवटी जोडा. पंधरा दिवस उभ्या गाडीला कधीकधी एवढ्यानंच भागतं.

अर्थिंग आणि टर्मिनल ठीक निघाले, तर संशय सेल्फवर. बारा वर्षांत सेल्फला आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात किंवा सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या मोठ्या स्विचचे) आतले तांब्याचे पॉइंट जळतात. एकानं किल्ली फिरवून धरायची आणि दुसऱ्यानं पान्याच्या दांड्यानं सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकायचं. हात आणि ओढणी-मफलर बेल्टपासून लांब. ठोकल्यावर चालू झाली तर बहुधा ब्रश गेलेत समजा. दोन-चार वेळा अशी निघेल, मग ठोकूनही ऐकणार नाही. शंभर फुटी रोडवर सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे दुरुस्ती होते, लगेच नवा सेल्फ घ्यायची घाई नको. तिथवर न्यायला धक्का स्टार्ट चालेल: किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलायचं आणि वेग आला की सोडायचा. हे ऑटोमॅटिकला जमत नाही, आणि बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना मॅन्युअल असूनही जमत नाही, कारण पंप आणि कॉम्प्युटरलाच करंट नसतो.

शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देणार असाल तर लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी शेजाऱ्याच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारखान्याला ऊस नेणारा ट्रक समोर उभा दिसला तरी त्याची बॅटरी घेऊ नका. बरेच ट्रक २४ व्होल्टचे असतात, तुमची गाडी १२ ची.

अजून एक शक्यता, आपल्याकडची खास. ऊसतोड झाली की रानातले उंदीर आडोसा शोधत येतात आणि उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना बंगल्यासारखं. कुरतडलेल्या वायरी, सुतळीचे तुकडे, लेंड्या दिसतात का बघून घ्या. लोक तंबाखूची पुडी ठेवा म्हणतात. मी ठेवली होती. आमच्या उंदरानं ती गादीसारखी वापरली.

सेल्फ झकास फिरतोय पण गाडी पकडत नाही, असं असतं तर मी पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा घूंऽऽ आवाज ऐकायला सांगितला असता आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय का ते बघून दुसरी किल्ली लावायला लावली असती. तुमचं प्रकरण ते नाही.

तेव्हा उद्या आधी दिव्यांची परीक्षा, मग जंपर केबल. दिवे मंद झाले की तसेच राहिले, ते इथं लिहा, मग पुढचं सांगतो. आणि मेकॅनिक आलाच, तर जुनी बॅटरी त्याच्या हातात देऊ नका.