परीक्षण वाच, पण सिनेमा बघून आल्यावर

भाऊ, अमळनेरहून जळगावला सिनेमाला जायचं म्हणजे गाडीभाडं, तिकीट आणि अर्धा दिवस. म्हणून तू आधी मोबाईलवर तारे मोजतोस, हे मला समजतं. पण दोनच तारे दिसले म्हणून घरी बसू नको. १९७५ साली ‘शोले’ आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला नावं ठेवली होती. लोकांनी एकमेकांना सांगून तो उचलला, मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला.

माझी सवय सांगतो. थिएटरातून निघालो की कोणाशी बोलायच्या आत, एसटीतच वहीत चार ओळी लिहितो. कुठे डोळे भरले, कुठे कंटाळा आला आणि का. या ‘का’ला भरपूर वेळ दे. ‘पटकथा ढिली आहे’ हे उसनं वाक्य झालं. ‘मध्यंतरानंतर नायकाची आई दिसलीच नाही, मी तिची वाट बघत होतो’ हे तुझं. भरताचं वांगं आपण हातात घेऊन, हलकं लागतं का बघून निवडतो, तसंच आहे हे.

मग परीक्षण जरूर वाच. चांगला समीक्षक संकलनातलं, आवाजातलं असं काही दाखवतो जे आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. पटलं तर वहीत खाली लिही. वरचं मात्र खोडू नको.