स्फटिकाची रेसिप्रोकल लॅटिस म्हणजे नेमकं काय, आणि तिच्यात एफसीसीचं (घनाचे कोपरे आणि प्रत्येक पृष्ठाचा मध्य इथे बिंदू) बीसीसी (कोपरे आणि घनाचा मध्य इथे बिंदू) कसं होतं?

आधी डोळ्यांनी बघा. सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण जाड चादर इथे कुचकामी. प्रकाश आरपार जायला हवा. पातळ मलमलीचा तुकडा ताणून धरा आणि त्यातून लाल लेसर पॉइंटर ५ मीटरवरच्या भिंतीवर मारा (कुणाच्या डोळ्यांवर नको). ठिपक्यांची जाळी उमटेल. धाग्यांमधलं अंतर ०.२५ मिमी आणि तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल, तर ठिपके १३ मिमी अंतराने पडतात. वीण जितकी दाट, तितके ठिपके लांब. आता कापड तिरकं ओढा. ताण्या-बाण्यातला काटकोन मोडतो, तरी ठिपक्यांची एक मुख्य ओळ ताण्याला काटकोनात राहते, दुसरी बाण्याला. पुस्तकातल्या सूत्रातला क्रॉस प्रॉडक्ट (दोन सदिशांना काटकोनात असणारा सदिश) हेच सांगतो. भिंतीवरची ती जाळी म्हणजे कापडाची रेसिप्रोकल लॅटिस.

एफसीसीत बहुतेकांचं गणित घनाच्या बाजू सदिश म्हणून घेतल्यामुळे चुकतं. प्रिमिटिव्ह सदिश घ्या, म्हणजे कोपऱ्यापासून लगतच्या पृष्ठमध्यांपर्यंतचे. त्यांनी बनणाऱ्या सेलचं आकारमान घनाच्या एक चतुर्थांश. उत्तर बीसीसी येतं, पण त्याच्या घनाची बाजू ४π/ए, २π/ए नव्हे (ए म्हणजे मूळ एफसीसी घनाची बाजू). पेपरात गुण जातात ते इथेच.

ताळा करायला तांबं घ्या : ए = ३.६१५ अँगस्ट्रॉम. १११ प्रतलांमधलं (घनाच्या कर्णाला काटकोनात असलेल्या थरांमधलं) अंतर २.०८७, म्हणून रेसिप्रोकल लॅटिसचा सर्वात लहान सदिश (G) २π/२.०८७ = ३.०१ प्रति अँगस्ट्रॉम. १.५४०६ अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणांना पहिलं शिखर २θ = ४३.३ अंशांवर. स्फटिकशास्त्राच्या तक्त्यांत २π नसतो (नुसतं १/अंतर असतं), तेवढं बघून घ्या.