गोळीची सवय लागली म्हणून कळ परत आली का?

देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार, वय ६१. एंजायनाचं, म्हणजे हृदयाची धमनी अरुंद झाल्याने श्रमात छाती आवळण्याच्या आजाराचं, निदान होऊन सहा महिने झालेले. घरापासून बागेपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, जवळजवळ ऐंशी पायऱ्या. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन महिने काका ती न थांबता चढत होते. ऐन आंबा उतरवायच्या दिवसांत मात्र निम्म्यावरच छाती आवळायला लागली. ‘‘गोळयेची सवय लागली. काळजाक काय होऊचा नाय मां?’’ ही भीती आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना असते. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांनी हृदय हळूहळू आळशी होतं, असा समज असतो.

काकांची चिठ्ठी पाहिली. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रेट गटातलं औषध) २० मिलिग्रॅम, सकाळी ८ आणि दुपारी ३. पण दुपारच्या गोळीनंतर डोकं ठणकायचं आणि पडवीत आंबे निवडायला बसवत नसे. म्हणून काकींनी ती रात्री ८ वर नेली होती. बारा-बारा तासांचं अंतर त्यांना जास्त नीट वाटलं.

खरी चूक तिथेच झाली. नायट्रेटचा अंमल चोवीस तास राहिला की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात, तेही काही दिवसांतच. दुपारी तीनची वेळ मुद्दाम दिलेली असते. रात्री शरीराला या औषधापासून मोकळीक मिळाली की सकाळची गोळी पुन्हा पूर्ण काम करते. यात हृदय कमजोर झालेलं नसतं, मधली सुट्टी हरवलेली असते. काकांच्या डॉक्टरांशी बोलून दुसरी गोळी परत तीनला आली. डोकेदुखी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. तोवर पॅरासिटामॉल चालतं.

गोळी हृदयाला काय करते, तेही काकांना समजून हवं होतं. विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन चढा आणि अर्धी घेऊन चढा. चढण तीच, पण दम कमी लागतो. नायट्रेट मुख्यतः शिरा सैल करतं. रक्त तिथे थोडं साठून राहतं, हृदयात कमी परततं, कप्पा कमी ताणला जातो आणि ताण उतरला की प्राणवायूची गरजही उतरते. हे महत्त्वाचं, कारण हृदयाचा स्नायू स्वस्थ बसलेला असतानाही रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यायला हवं, आणि अरुंद धमनी ते येऊ देत नाही. मग स्नायू प्राणवायूविना साखर जाळतो, लॅक्टिक आम्ल साचतं आणि छाती आवळते.

काकांच्या चिठ्ठीत ट्रायमेटाझिडिनही होतं. ते रक्तवाहिन्यांना हात लावत नाही, इंधन बदलतं. हृदय एरवी मुख्यतः चरबीवर चालतं, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीला साखरेपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. हे औषध स्नायूला साखरेकडे वळवतं. हातांना कंप सुटला किंवा चाल अडखळली तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगायचं.

काकांनी कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या (हेही नायट्रेटच) ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या औषधाच्या मूळ पाकिटातून काढून चंचीत ठेवल्या होत्या, चुन्याच्या डबीशेजारी. घामाने आणि दमट हवेने कडा भुसभुशीत झालेल्या. त्या टाकायला लावल्या. गोळी वापरेपर्यंत त्या मूळ पाकिटातच हवी. कळ आली की आधी बसायचं, पायरीवर का होईना, कारण रक्तदाब एकदम उतरतो. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. पाण्याबरोबर गिळली तर बरंच औषध यकृतातच निकामी होतं. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन. बसल्या जागी, विश्रांतीतही कळ येऊ लागली तर त्याच दिवशी दवाखाना.

काकी चहा टाकायला आत गेल्यावर एक प्रश्न काकांना एकट्यात विचारला, कारण तो कुणी आपणहून सांगत नाही. लैंगिक ताकदीची गोळी घेता का? सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही, दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका पडतो. आणि नायट्रेट रोज सुरू असताना या गोळ्यांचं नावच नको. माडी पिण्याने आणि एप्रिल-मेच्या उन्हानेही चक्कर येते, तेव्हा भर दुपारी पाखाडी नको.

आठवडाभराने काकींचा फोन आला. दुपारी तीनचा गजर लावलाय, काका पाखाडी एकदाच थांबून चढतात. ते कुठे थांबतात आणि किती वेळ, हे कॅलेंडरवर रोज लिहून ठेवायला आम्ही सांगितलं, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायला.