आधी हाताचं काम लिही

प्रिय मुली,

कामगाराच्या भरपाईच्या अर्जाचा मसुदा वाचला. पहिल्या पानावर घटनेची कलमं, दुसऱ्यावर श्रमाची प्रतिष्ठा, आणि भोसरीच्या त्या पोराचा हात थेट सातव्या पानावर, तोही 'अर्जदारास गंभीर दुखापत झाली' एवढ्यावर उरकलेला. खाली तुझे दोन प्रश्न. मालक पन्नास हजारांत मिटवायचं म्हणतोय, पोराला घेऊ द्यावेत का? आणि वायर हार्नेसवाल्या, म्हणजे वायरींचे जुडगे बांधणाऱ्या बाईंच्या मनगटाची फाइल बंद करावी का, कारण कायद्यातल्या यादीत तो आजारच नाही? मेल किती वाजता आलाय ते पाहिलं. अशा वेळी जागं राहून कायदा सुचत नाही, झोपत जा.

तू या बाजूला का आलीस हे आपल्या दोघींना माहीत आहे, त्याची उजळणी नको. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन्ही फाइली उलटसुलट चाळल्या, पण तो हात नेमकं काय काम करत होता हे एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. दुखापत लिहिलीस, वेदना लिहिलीस, अन्याय तर पानोपानी लिहिलास. आधी हाताचं काम लिही.

पोराला समोर बसव आणि टेबलावर पत्रा कसा ठेवत होता ते करून दाखवायला सांग. पत्रा कापायचा पॉवर प्रेस पायाने चालत होता की दोन बटणांवर? दोन बटणं असतील तर ती दाबताना हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, असूच शकत नाही. मग एक बटण कुणी बांधून ठेवलं होतं? सेन्सर होता का, की 'प्रॉडक्शन बसतं' म्हणून बायपास केलेला? स्ट्रोक एकच मारला की मशीनने डबल मारला? तयार तुकडा उचलायला चिमटा दिला होता की बोटांनीच उचलायचा? कुठल्या हाताने? तासाला किती पीस मागायचे? हे सगळं पहिल्या दोन पानांत आलं पाहिजे. समोरच्याची कैफियत काय येणार हे मी आत्ता सांगते: 'कामगाराने स्वतः गार्ड काढला.' सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं तर मालकाची जबाबदारी जाते अशी पळवाट कायद्यात आहे, आणि बोटं गेलेल्या जवळपास प्रत्येक केसमध्ये ती वापरतात. कामाचं वर्णन तुझ्या अर्जात आधीच असेल तर त्यांना उलटतपासणीत आयत्या वेळी गोष्ट रचता येत नाही.

आता केसपेपर. तू तो फाइलच्या शेवटी लावलायस, मी तो पहिला वाचला. 'घरी दरवाजात बोटं चेमटली.' हे पोर बोललं नाही, त्याला घेऊन आलेला सुपरवायझर बोलला, आणि डॉक्टरने लिहून घेतलं. यात नवीन काही नाही, पण यावर तू एक ओळही खर्च केलेली नाहीस! केसपेपरवरची वेळ बघ आणि हजेरी बघ. शिफ्ट चालू असताना हा मुलगा घरच्या कुठल्या दरवाजापाशी होता? एक्स-रे बघ. तर्जनी दोन पेरांवर आणि मधलं बोट एका पेरावर, एका सरळ रेषेत तुटलेली आहेत. घराचा दरवाजा असा कापत नाही. त्या डॉक्टरला साक्षीला बोलाव. त्याला फक्त जखमेची कड कशी होती एवढंच विचार, बाकी भाषण नको.

हिशेब तू केलाच नाहीस, म्हणून मी करते. पोराचं वय २३, त्या वयाला कायद्याने ठरवलेला गुणक २१९.९५. पगार १३,५००, म्हणजे कायद्याच्या १५,००० च्या मर्यादेच्या आत. कायदा धरतो ते त्याचे ६० टक्के, ८,१००. गुणाकार १७,८१,५९५. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के, मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के, एकाच अपघातातली म्हणून बेरीज १८. होतात ३,२०,६८७ रुपये. रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा आहे, त्यामुळे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या चर्चेत शिरू नकोस, १९२३ चाच भरपाईचा कायदा धर. युनिटमध्ये सहाच माणसं आहेत म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही हे तू बरोबर पकडलंस. तिथे शाबास. ईएसआय असतं तर भरपाईचा निकाल देणाऱ्या कमिशनरसमोर जाताच आलं नसतं. तरी त्या मालकाने अपघातानंतर घाईघाईने कुठे नोंदणी केलेली नाही ना, तेवढं तपास. असले उद्योग चालतात.

आणि १८ टक्के हा खालचा आकडा समज. परिशिष्ट बोट मोजतं. उजवा हात की डावा हेही ते विचारत नाही, प्रेसवाल्याचं बोट आणि कारकुनाचं बोट त्याला सारखंच. काम आपण मोजायचं असतं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक सुतार होता, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. डावा हात कोपराच्या वर कापलेला. परिशिष्टाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. तू हा निकाल मसुद्यात टाकलायस, पण फक्त व्याजासाठी! अगं, त्या निकालाचा जीव सुताराच्या हातात आहे. तो सुतार होता हे कुणीतरी कागदावर आणलं म्हणून न्यायालयाला ते दिसलं. आपल्या पोराला चिमटीत पातळ पत्रा धरता येतो का, शर्टाचं वरचं बटण लावता येतं का, दुसऱ्या प्रेसवर कुणी त्याला उभं तरी करतं का, हे शपथपत्रात आण. हाताचं काम लिही म्हणते ते यासाठी.

पन्नास हजारांचं. पैसे घे म्हणणं सोपं आहे, नको म्हणणंही सोपं आहे, कारण भाडं आपल्याला भरायचं नसतं. हे मला ऐकवणारे पुष्कळ भेटले. एका मुलाचा अंगठा मुळापासून गेलेला, परिशिष्टात ३० टक्के. मालकाच्या माणसाने चहाच्या टपरीवर स्टॅम्प पेपर काढला, 'माझी काही तक्रार नाही' म्हणून सही घेतली, नोटा मोजल्या. मी सांगत होते की असल्या कागदाला किंमत नाही, हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानेच रद्द ठरतो, कमिशनरकडे नोंदवलेला नसेल तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. खरं होतं ते. पण मुलगा पुढच्या तारखेला आलाच नाही. त्याची आई आली, आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, 'तुम्हाला केस पाहिजे, आम्हाला पोरगं पाहिजे.'

ते वाक्य मला अजून टोचतं. कोर्टातली वकील मंडळीही माझ्याबद्दल तेच बोलतात, की बाई माणसापेक्षा फाइल मोठी करते. बोलोत. फाइल मोठी केली नाही तर माणूस लहानच राहतो, पन्नास हजारांएवढा. त्या आईला उत्तर द्यायला मला त्या दिवशी शब्द सुचले नाहीत हे कबूल, पण माझं म्हणणं बदललेलं नाही. पोराला ३,२०,६८७ हा आकडा कागदावर दाखव, व्याज दाखव, किती वर्षं लागू शकतात तेही न लपवता सांग. मग त्याने ठरवावं. तडजोड करायचीच असेल तर कमिशनरसमोर, नोंदवून. टपरीवर नाही.

आता बाईंचं मनगट. इथे तू कायदा बरोबर वाचलायस आणि म्हणूनच हात टेकलेस. व्यावसायिक आजारांच्या यादीत शिसं आहे, पारा आहे, कापसाच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार आहे, बर्फाने येणारं अंधत्वसुद्धा आहे. मनगटात दबणारी नस नाही, जुन्या कायद्यात नाही आणि नव्या संहितेतही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या आपल्या यादीत ती घेतली, पुन्हा पुन्हा जोर लावायच्या कामातून होणारा आजार म्हणून, नावानिशी. आपण घेतली नाही. यादीबाहेरचा आजार असेल तर तो कामावरच्या ठरावीक अपघातातूनच झाला हे दाखवावं लागतं, आणि समोरचा वकील हसत विचारतो, बाई, अपघाताची तारीख सांगा. रोज थोडं थोडं झिजायला तारीख कुठून आणायची?

तेव्हा ही भरपाई मिळेल असं मी तुला सांगणार नाही. बहुतेक मिळणार नाही. तरी फाइल बंद करायची नाही. का, म्हणून विचारशील. सोलापूरच्या विडी कामगार बायकांची मनगटं आणि अंगठे मी पाहिलेत. तेंदूपत्ता कात्रीने कापायचा, तंबाखू भरायचा, वळायची, तोंड मुडपायचं, दिवसाला शेकड्याने. त्यांच्या दुखण्याचा कागद कुठेच नव्हता, कारण डॉक्टरने कधी विचारलं नाही आणि बायकांनी कधी सांगितलं नाही. 'बायकांचे हात दुखतातच.' कागद नसला की सरकार म्हणतं आजार नाही, आजार नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून पुन्हा कागद नाही. ही साखळी कुठेतरी तोडायची तर एका बाईच्या केसपेपरवर कामाचं नाव यायला हवं. बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा इटालियन वैद्य १७०० साली सांगून गेला की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तू काम काय करतोस' हाही प्रश्न घाला. बाईंच्या चाकणच्या कंपनीतल्या डॉक्टरने त्यांना काय विचारलं? भाकऱ्या किती थापता!

तर बाईंचंही काम लिही. हार्नेसचा बोर्ड सरकत येतो, तो पुढे जायच्या आत किती कनेक्टर अंगठ्याने दाबून बसवायचे? 'क्लिक' वाजेपर्यंत दाबायचा, नाही वाजला तर पुन्हा. टेप गुंडाळताना मनगट कुठल्या बाजूला वळतं? ओव्हरटाइम किती, जागा बदलून देतात का, बोटं बधिर होतात हे लाइन लीडरला कधी सांगितलं? लेखी सांगितलंय का? नसेल तर आज लेखी द्यायला लाव आणि पोच घे. नसेची तपासणी करून घे, तिला एनसीव्ही म्हणतात. थायरॉइड आणि साखर दोन्ही तपासून ठेव, कारण या नसेचा त्रास त्यांनीही होतो आणि समोरचा ते विचारणारच. ईएसआय आहे, म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च बाईंवर नाही, आणि आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. तो आधी मिळवून दे. ठेकेदार 'दुसरी बाई बघू' म्हणेल, तेही तारखेसह लिहून ठेव.

मसुदा परत पाठवतेय. घटनेची कलमं मी लाल शाईने खोडली आहेत, चिडू नकोस. ती हायकोर्टात उपयोगी पडतील, तोवर कपाटात राहू देत. पोराला घेऊन गुरुवारी ये. येताना एक पत्र्याचा तुकडा आण, धार नसलेला. मालकाच्या वकिलाचा फोन आला तर रकमेबद्दल एक अक्षर बोलू नकोस, माझं नाव सांग, त्याला आवडत नाही ते. आणि बाईंना आजच विचार की मुंग्या करंगळीलाही येतात का. मनगटात दबते ती नस अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतच जाते, करंगळी सुटते. करंगळीलाही येत असतील तर दुखणं मानेतून किंवा कोपरातून असू शकतं, मग डॉक्टर वेगळा बघावा लागेल. कळलं की फोन कर, रात्री दहाच्या आत.

तुझी,
ताई